जमिनीपासून चार अंगुळं वर

कला महाविद्यालयाच्या वार्षिक प्रदर्शनात फोटोग्राफीच्या भिंतीवर हवेत तरंगणाऱ्या माणसाचा एक तरी फोटो असतोच. कुणी पुस्तक वाचत अधांतरी पहुडलेलं असतं, कुणी छत्री धरून रस्त्याच्या वर उभं असतं. पाहणारा क्षणभर थांबतो, ‘फोटोशॉप केलंय’ म्हणतो आणि पुढच्या चित्राकडे वळतो. मुलांनी दोन-तीन दिवस खपून केलेलं काम असं एका शब्दात निकालात निघालेलं पाहिलं की वाईट वाटतं, कारण चूक बहुधा संगणकावर झालेली नसते. माणसाखालचं स्टूल त्यांनी नीट पुसलेलं असतं. पण स्टुलावर टेकलेल्या शरीराचा भार चित्रात तसाच राहिलेला असतो: दबलेलं पोट, ताठलेली मान, मुठी आवळलेले हात, चुकीच्या जागी पडलेली सावली. डोळ्यांना कारण सांगता येत नाही, पण संशय येतो. हा भार कसा घालवायचा, हे सांगण्यासाठी हा लेख. यंदा प्रोजेक्टला हा विषय घेणाऱ्यांनी कॅमेरा हातात घेण्याआधी तो वाचावा.

माणूस का तरंगतोय?

धर्मराजाचा रथ जमिनीपासून चार अंगुळं वर चालायचा आणि ‘नरो वा कुंजरो वा’ म्हटल्यावर तो खाली टेकला, ही गोष्ट आपल्याला लहानपणापासून माहीत असते. त्या चार अंगुळांना अर्थ होता, म्हणून रथ खाली टेकल्यावर आपल्या काळजात काहीतरी होतं. तुमच्या फोटोतल्या माणसालाही असं एखादं कारण हवं. नुसतंच ‘छान दिसतं म्हणून’ हे उत्तर ज्युरीसमोर टिकत नाही आणि दुसऱ्या फोटोपर्यंत पुरतही नाही. प्रोजेक्टला तर पाच-सहा फोटोंची मालिका लागते.

कारण शोधायचा एक मार्ग मला फार उपयोगी वाटतो. माणूस हवेत गेला, तरी त्याची एक गोष्ट खाली टेकलेली ठेवायची. परीक्षेच्या आदल्या रात्री हॉस्टेलच्या खोलीत मुलगी टेबलाच्या वर आडवी तरंगतेय, पण तिच्या हातातल्या पेनचं टोक वहीवर टेकलेलं आहे. स्वयंपाकघरात आई ओट्यापासून हातभर वर आहे, डोळे मिटलेले आहेत, पण एका हाताने कुकरची मूठ धरलेली आहे. माणसाला कशाने धरून ठेवलंय हे त्या एका स्पर्शातून कळतं आणि सगळं चित्र बोलू लागतं. शिवाय सगळ्या फोटोंत हा एक धागा ठेवला की मालिका आपोआप बांधली जाते.

दुसरी गोष्ट, तुमच्या चित्रातल्या जगाचा नियम आधी ठरवा. त्या जगात गुरुत्वाकर्षण उरलेलंच नाही की अदृश्य हातांनी फक्त या माणसाला उचललंय? पहिल्या प्रकारात केस, ओढणी, टेबलावरचे कागद, चहाचा कप, सगळंच पाण्यात असल्यासारखं सुटायला हवं. दुसऱ्या प्रकारात केस आणि कापड सरळ खाली लोंबायला हवं. केस लोंबतायत आणि ओढणी मात्र वर उडतेय, असं झालं की चित्र मोडतं. रेने माग्रितचं १९५३ सालचं ‘गोलकोंडा’ हे चित्र जरूर बघा. ओव्हरकोट आणि गोल हॅट घातलेली माणसं इमारतींसमोर हवेत सरळ उभी आहेत, कोट फडफडत नाहीत, चेहरे शांत आहेत. ती पडतायत की वर जातायत ते कळत नाही, आणि अस्वस्थता तिथूनच येते. अतिवास्तववादी चित्रात अशक्य गोष्ट एकच असावी आणि बाकी सगळं अगदी रोजचं असावं.

क्लाइनची ताडपत्री

ही युक्ती संगणकाच्या कितीतरी आधीची आहे. ऑक्टोबर १९६० मध्ये ईव्ह क्लाइन या फ्रेंच कलावंताने पॅरिसच्या फाँतने-ओ-रोझ या उपनगरात एका घराच्या उंच कडेवरून स्वतःला रस्त्यावर झोकून दिलं. फोटोत तो हात पसरून, छाती पुढे काढून जणू उडतोय, आणि खाली रिकामा रस्ता आहे. प्रत्यक्षात खाली त्याचे जुदोतले मित्र ताडपत्री ताणून उभे होते. हॅरी शंक आणि यानोश केंडर या छायाचित्रकारांनी एक फोटो उडीचा घेतला, दुसरा त्याच जागेवरून त्याच रस्त्याचा, ताडपत्री नसताना. डार्करूममध्ये दोन्ही निगेटिव्ह जोडल्या आणि मित्र नाहीसे झाले. आज तुम्ही दोन लेअर घेऊन नेमकं हेच करता.

त्या फोटोत शिकण्यासारखी सगळ्यांत मोठी गोष्ट मात्र क्लाइन नाही. मागे, रस्त्यावर दूर एक माणूस पाठमोरा सायकलवरून चाललाय. त्याला या उडीची गंधवार्ताही नाही. तो साधा सायकलस्वार आहे म्हणून आपण उडीवर विश्वास ठेवतो. तुमच्या फोटोतही असा एक साक्षीदार ठेवा: दारात झोपलेलं मांजर, चालू पंखा, दोरीवर वाळत घातलेला टॉवेल.

याच्या बारा वर्षं आधी, १९४८ साली, फिलिप हाल्समनने साल्वादोर दालीचा ‘दाली अ‍ॅटोमिकस’ हा फोटो घेतला. चित्रांचे इझल बारीक तारांनी टांगलेले होते, खुर्ची हाल्समनच्या पत्नीने हवेत धरली होती. तीन म्हटलं की सहायकांनी मांजरं आणि बादलीतलं पाणी फेकायचं, चार म्हटलं की दालीने उडी मारायची. मनासारखं जुळायला २८ प्रयत्न लागले. मांजरं फेकण्याचा भाग आज कुणीही करू नये, पण आकडे मोजत सगळ्यांना एका तालात आणण्याची त्याची पद्धत तुमच्या शूटवर जशीच्या तशी चालेल.

मराठी माणसाला तर हा खेळ परका नाहीच. दादासाहेब फाळके ‘कालिया मर्दन’मध्ये १९१९ सालीच कॅमेऱ्याच्या करामती करत होते, आणि प्रभातच्या १९४० सालच्या ‘संत ज्ञानेश्वर’मध्ये भिंत चालली ती दामले-फत्तेलाल यांच्या दिग्दर्शनाखाली. हे चित्रपट निव्वळ भक्तिभावाने बघू नका, ‘हे कसं केलं असेल?’ असं विचारत बघा.

उडी की स्टूल?

हवेतला माणूस दोन प्रकारे टिपता येतो. पहिला प्रकार खऱ्या उडीचा. टोकियोच्या नात्सुमी हायाशी हिने २०११ पासून स्वतःचेच असे फोटो घेतले. ती खरोखर उडी मारते, कुठलीही जोडाजोडी करत नाही, आणि तरी रेल्वेच्या फलाटावर किंवा स्वयंपाकघरात ती निवांत तरंगत चालल्यासारखी दिसते.

उडीचं गणित समजून घ्या. जागेवरून मारलेल्या उडीत शरीर ४० सेंटिमीटर वर गेलं, तर पाय सुटल्यापासून परत टेकेपर्यंत साधारण ०.५७ सेकंद जातात. त्यातला निम्मा वेळ शरीर उंचीच्या सगळ्यांत वरच्या पाव भागात असतं, कारण तिथे वेग मंदावून शून्यावर येतो. म्हणजे तुमच्या हातात पाव सेकंदाहून थोडा जास्त वेळ आहे. सेकंदाला १० फ्रेम घेणारा कॅमेरा असेल तर त्या काळात दोन-तीन फ्रेम मिळतील. शटर १/५०० पेक्षा कमी ठेवू नका, उजेड असेल तर १/१००० ठेवा. वर जाताना केस डोक्याला चिकटतात, खाली येताना उभे राहतात. म्हणून अगदी माथ्यावरची फ्रेम निवडा. उडी मारणाऱ्याला सांगा की जोर पायात, चेहरा झोपेत. हे बोलायला सोपं आणि करायला कठीण आहे, त्यामुळे आरशासमोर सराव करून घ्या.

उडीने माणूस उभा किंवा चालताना छान दिसतो. आडवा, पाठीवर पहुडलेला, खुर्चीविना बसलेला माणूस हवा असेल तर स्टूल लागतंच. प्रोजेक्टला मी स्टुलाचाच सल्ला देईन, कारण त्यात प्रकाश, कापड आणि भाव यांवर तुमचा ताबा राहतो.

रिकामी फ्रेम आधी

कॅमेरा ट्रायपॉडवर लावला की शूट संपेपर्यंत तो हलता कामा नये. सगळं मॅन्युअल करा. आधी मॉडेलला जागेवर उभं करून फोकस करा आणि मग फोकसही मॅन्युअलवर टाका. व्हाइट बॅलन्स ऑटोवर राहिला तर दोन फ्रेमच्या रंगांत फरक पडतो आणि जोड उघडा पडतो. अ‍ॅपर्चर एफ/८ च्या आसपास, शटर १/२००, आयएसओ ४०० च्या आत, इथून सुरुवात करा आणि उजेडाप्रमाणे बदला. एकदा ठरलं की मात्र बदलायचं नाही.

फोनवर काम करणाऱ्यांनीही मागे राहू नये. स्क्रीनवर बोट दाबून ठेवून फोकस आणि एक्स्पोजर लॉक करा, एचडीआर आणि पोर्ट्रेट मोड बंद करा, मुख्य कॅमेराच वापरा, कारण अल्ट्रावाइड कडेची माणसं ताणतो. बटण बोटाने दाबू नका, तीन सेकंदांचा टायमर लावा.

पहिली फ्रेम रिकाम्या जागेची. स्टूल नाही, माणूस नाही, तुमची स्वतःची सावलीही नाही. हीच फ्रेम उद्या स्टुलाच्या जागी मागची भिंत आणि फरशी देणार आहे. मग स्टूल ठेवा, मॉडेलला घ्या आणि हव्या तेवढ्या फ्रेम काढा. सगळं आटोपल्यावर रिकामी फ्रेम पुन्हा एकदा घ्या. ढग आला-गेला असेल तर दोन्हींतली एक नक्की जुळते.

कॅमेऱ्याची उंची हा बारकावा बहुतेक जण विसरतात. उंच दिसावं म्हणून कॅमेरा अगदी जमिनीलगत नेला की स्टुलाची कड मॉडेलच्या शरीराचा काही भाग झाकते. स्टूल पुसल्यावर तिथे शरीरच उरत नाही आणि मग कंबर रंगवत बसावं लागतं. कॅमेरा स्टुलाच्या बैठकीच्या पातळीला किंवा बोटभर वर ठेवा. शरीराने स्टूल झाकलं तर चालेल, स्टुलाने शरीर झाकता कामा नये.

शरीर, केस, कापड

स्टुलाची बैठक जितकी लहान तितकं बरं. बाकडं घेतलं की माणूस त्यावर आरामात झोपतो आणि फोटोतही बाकड्यावर झोपल्यासारखाच दिसतो. छोट्या स्टुलावर फक्त कंबर टेकवली की खांदे आणि पाय स्वतःच्या ताकदीवर उचलावे लागतात, आणि तरंगण्याचा भास त्या उचलण्यातून येतो. असं कुणाला पाच-सात सेकंदांहून जास्त धरवत नाही. म्हणून मॉडेलला सैल पडू द्या, ‘एक, दोन, तीन’ म्हणा, तीनला शरीर उचलायचं, चारला क्लिक. मान लटकू देऊ नका, हनुवटी किंचित वर. पायाची बोटं ताणलेली, हाताची बोटं मात्र सैल. पायाचा तळवा काटकोनात राहिला की तो जमीन शोधतोय असं दिसतं.

कुणाला पोटाच्या ताकदीवर पाय उचलता आले नाहीत तर जबरदस्ती नको. वरचं शरीर एका फ्रेममध्ये घ्या, आणि दुसऱ्या फ्रेममध्ये मित्राला घोट्यापाशी पाय धरायला सांगून फक्त पाय घ्या. जोड कमरेच्या चुणीत किंवा कुर्त्याच्या कडेत लपतो.

आता कापड. स्टुलावर दबलेलं कापड सपाट होतं आणि कितीही पुसलं तरी तिथे कशाचा तरी आधार आहे हे ते सांगत राहतं. उपाय सोपा आहे. लांब कुर्ता, घेरदार परकर किंवा साडी असेल तर ते कापड आधी स्टुलावरून बाहेर ओढून पुढच्या बाजूने खाली सोडा. कापडाच्या पडद्याआड स्टुलाची बैठक जाते आणि पुसायला फक्त पाय उरतात. ओढणीसाठी वेगळी फ्रेम घ्या: मदतनीस ओढणीचं टोक वर फेकतो आणि पटकन चौकटीबाहेर होतो. सुती ओढणी जड पडते, जॉर्जेट किंवा शिफॉन हवेत रेंगाळते. केस हवेत पसरलेले हवे असतील तर त्यांनाही वेगळी फ्रेम द्या. बटांना तंगूस बांधून वर ताणलं तर तंगूस फोटोत जवळपास दिसत नाही, आणि दिसलाच तरी पुसणं दोन मिनिटांचं काम. घट्ट वेणी मात्र सरळ खाली लोंबते. तुमच्या जगाचा नियम दुसऱ्या प्रकारचा, म्हणजे फक्त माणूस उचलला गेल्याचा, असेल तर ती वेणी तुमची मोठी मदतनीस आहे.

सावली

फोटो खरा वाटतो तो सावलीमुळे. जमिनीवर उभ्या माणसाची सावली पायांना चिकटलेली असते. पाय जमिनीपासून सुटले की सावलीही पायांपासून सुटते, आणि ही सुटलेली सावली बघणाऱ्याला उंची सांगते. सूर्य आकाशात ४५ अंशांवर असेल आणि पाय एक मीटर वर असतील, तर पायांची सावली एक मीटर बाजूला पडेल. सूर्य ३० अंशांवर उतरला की तीच सावली १.७ मीटर दूर जाते. म्हणजे सकाळी नऊच्या सुमारास किंवा दुपार कलल्यावर सावली छान सुटी होते, भर दुपारी ती थेट शरीराखाली येते. काय हवं ते चित्रावर अवलंबून, पण ठरवून निवडा.

मॉडेलची खरी सावली कधीही पुसू नका. स्टुलाच्या पायांची सावली तेवढी पुसायची. इथे अडचण येते, कारण दोन्ही सावल्या एकमेकींत मिसळतात. शूटच्या वेळीच स्टूल असं फिरवा की त्याच्या पायांची सावली शरीराच्या सावलीत तरी दडेल किंवा पूर्ण वेगळी तरी पडेल. घरात काम करत असाल तर खिडकीला पांढरी चादर लावा. प्रकाश मऊ होतो, सावलीच्या कडा विरघळतात आणि काम निम्म्याने सोपं होतं. सावली हाताने रंगवायचीच वेळ आली, तर ती शरीराजवळ गडद आणि दूर जाताना फिकी, पसरट करत न्या. एकसारखी काळी सावली कागद कापून चिकटवल्यासारखी दिसते.

संगणकावर

फोटोशॉप असेल तर उत्तम, नसेल तर जिम्प आणि क्रिटा फुकट आहेत, फोटोपी थेट ब्राउझरमध्ये चालतं. तिन्हींत या कामापुरतं सगळं आहे. खाली रिकामी फ्रेम, वर मॉडेलची फ्रेम. वरच्या लेअरला पांढरा मास्क लावा आणि स्टुलावर काळा ब्रश फिरवा. काळं झाकतं, पांढरं परत आणतं, त्यामुळे चुकलं तरी बिघडत नाही. इरेझर वापरू नका, त्याने पुसलेलं काही दिवसांनी परत आणता येत नाही. शरीराच्या कडेपाशी चित्र २०० टक्के मोठं करून काम करा आणि ब्रशची कड फोटोतल्या कडेइतकीच मऊ ठेवा.

केस, ओढणी, पाय यांचे लेअर याच पद्धतीने वर चढवा. सगळं बसल्यावर रंगांचे बदल सगळ्या लेअरवर मिळून एकदाच करा. मग चित्र आडवं उलटून बघा आणि थोडा वेळ कृष्णधवल करून बघा. उजळपणातले फरक आणि जोडाच्या रेषा तेव्हा पटकन दिसतात.

हल्ली फोनच वस्तू पुसून देतो आणि मागची जागा स्वतः भरतो. तुमच्याकडे खरी रिकामी फ्रेम असताना त्याची गरज नाही. फोनने भरलेल्या फरशीच्या रेषा वाकतात आणि भिंतीवरचे पोपडे एकसारखे होतात. अख्खा फोटोच कृत्रिम बुद्धिमत्तेकडून करून घेण्याचा मोह होईल, पण त्यातून सावली कशी पडते हे तुम्ही शिकणार नाही, आणि ज्युरीने मूळ फ्रेम मागितल्या तर दाखवायला काही नसेल.

जिवापेक्षा फोटो मोठा नाही

गच्चीचा कठडा, विहिरीचा काठ, धबधब्याची कड या जागा वगळाच. रुळांवर शूट करणं रेल्वे कायद्याच्या १४७व्या कलमाखाली गुन्हा आहे, आणि जीव जाण्याची शक्यता त्याहून मोठी. किल्ल्यावर ट्रायपॉड लावण्याआधी परवानगीची चौकशी करा. स्टुलाखाली रबरी पायपुसणं ठेवा, दोन्ही बाजूंना एकेक माणूस उभा करा, तो रिकाम्या फ्रेममुळे नंतर पुसता येतोच. मॉडेल दमली, चक्कर येतेय म्हणाली की शूट तिथेच थांबवा. तिला फोटो दाखवा आणि प्रदर्शनाआधी तिची संमती घ्या.

प्रिंटचा विचार शूटच्या आधीच करा. इंचाला ३०० बिंदूंनी ए-थ्री आकाराला साधारण ३५०८ बाय ४९६१ पिक्सेल लागतात, म्हणजे १७ मेगापिक्सेलच्या वर. फोनच्या १२ मेगापिक्सेलच्या फोटोतून ए-फोर झकास निघेल. मोठा प्रिंट हवा असेल तर कॉलेजचा कॅमेरा आधीच मागून ठेवा, सबमिशनच्या आठवड्यात तो मिळत नाही. चित्रासोबतच्या निवेदनात माणूस का तरंगतोय ते पाच-सहा ओळींत लिहा, तंत्र एका ओळीत उरका. जर्नलमध्ये मात्र रिकामी फ्रेम, स्टुलावरची फ्रेम आणि पूर्ण चित्र शेजारी शेजारी लावा. आणि पहिलं शूट सबमिशनच्या निदान तीन आठवडे आधी करा, कारण पहिल्या शूटमध्ये सावली कुठे चुकली ते कळतं आणि दुसऱ्यात ती सुधारता येते.